रांगेतला शेवटचा

लोक त्याला 'मागचा' म्हणत. बारशाचं नाव होतं, पण ते कागदावरच राहिलं. सव्वीस वर्षं जो माणूस रांगेच्या शेवटी फटफटी चालवतो, त्याला दुसरं काय म्हणणार?

डोंगराच्या पायथ्याशी, जिथे मोठा रस्ता दम टाकतो आणि बारक्या रस्त्यांचं जाळं सुरू होतं, तिथे त्याचं आणि त्याच्या थोरल्या बहिणीचं गॅरेज होतं. वर पत्रा, खाली ऑइल पिऊन पिऊन काळी झालेली जमीन. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली, पाना जागेवर नसला की आकृती रिकामी दिसे आणि ताई विचारी, "कोणी नेला?" वर्षाचे सहा महिने ती दोघं गाड्या दुरुस्त करीत आणि उरलेले सहा महिने शहरातल्या लोकांना डोंगर दाखवायला नेत. मोटारीला माहीत नसलेले रस्ते. गुरांच्या वाटांवरून निघून खिंडीत चढणारे, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला नुसती हवा असलेले.

ताई पुढे असे, तो मागे. मधे दहा-बारा पाहुणे.

एकाच आईची ही दोन लेकरं, सारा जन्म एकाच रस्त्याने गेली, पण एकमेकांच्या शेजारून कधी गेली नाहीत. सकाळी निघताना एकमेकांना बघायचं आणि मग मुक्कामाला पोचल्यावर. मधल्या वेळात तो ताईला म्हणजे आपल्या पाठीमागची खात्री, आणि ताई त्याला म्हणजे लांब वळणावर क्षणभर चमकून जाणारा दिवा. मुक्कामाला सगळे पोचले की तो सर्वांत शेवटी आत शिरे, स्टँड लावी आणि म्हणे, "माझ्यामागे कोणी नाही." हे ऐकल्यावर मगच ताई हेल्मेट काढी. त्याआधी कितीही उकडत असो, काढत नसे.

त्यांचे नियम दोनच होते. फाटा आला की ताईच्या मागचा माणूस तिथे थांबायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाला हाताने रस्ता दाखवायचा. लांबून मागच्याचं नारिंगी जाकीट दिसलं की समजायचं, सगळे झाले. मग गाडी सुरू करून पुढे निघायचं. आणि दुसरा नियम, फाट्यावर कोणी उभं नसेल तर सरळ जायचं. सरळ जाणाऱ्याला आपला माणूस पुढे भेटतोच. या दोन नियमांवर सव्वीस वर्षांत एक माणूस हरवला नव्हता. मागच्याला त्याचा गर्व होता. तो दाखवत नसे, पण जाकीट मात्र दर आठवड्याला स्वतःच्या हाताने धूत असे.

या कारभारात तिसरे होते दाजी, ताईचे यजमान. स्वयंपाकाचं सामान, औषधांची पेटी आणि तोंडाची टकळी हे तिन्ही त्यांच्याकडे. गाडी चालवायचे बेताची आणि बोलायचे भरधाव. रांगेत त्यांची जागा मागच्याच्या पुढे, शेवटून दुसरी. नव्या पाहुण्यांना ते स्वतःची ओळख ठरलेल्या शब्दांत करून देत. "पुढे बायको, मागे मेव्हणा. आता मी पळून जायचं म्हटलं तरी कुठून जाणार, सांगा."

पाहुणे हसत. ताई म्हणे, "पळा की. कोण अडवतंय?"

"तुझ्या भावाला विचार. हा माणूस माझ्या पाठीकडे इतकी वर्षं बघतोय, की माझं तोंड विसरला असेल."

"तोंड विसरेन, दाजी," मागचा म्हणे, "आवाज कसा विसरू? हेल्मेटातून पण येतो."

रस्ता लक्षात ठेवणं दाजींना कधी जमलं नाही. दहा वेळा गेलेल्या वाटेवर ते अकराव्यांदा नव्याने चकित होत. "ते तुमच्या घराण्याचं काम," म्हणत. "मी नियमाचा माणूस. हात दाखवला तिकडे वळणार, नाही दाखवला तर सरळ."

गेल्या हंगामात, उंच खिंडीच्या फेरीत, दुसऱ्या दिवशी एक निवृत्त गुरुजी वाटेत येऊन मिळाले. आदल्या सकाळी ताईने नियम सांगितले तेव्हा ते नव्हते. दोन वाक्यांत त्यांना समजावून सांगण्यात आलं, पण जाकिटाचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. पाहुण्याला त्याची गरजही नव्हती. ज्याला फाट्यावर उभं राहायचं त्याने ते लक्षात ठेवायचं, आणि गुरुजींना कोण फाट्यावर उभं करणार होतं?

दुपारी खिंडीच्या माथ्यावर ढग खाली आला. ढग म्हणजे पाऊस नव्हे. नुसता पांढरा, ओला, आंधळा ढग. पुढचं चाक दिसावं आणि त्यापुढे जग संपावं असा. वारा हाडं शोधत होता. खिंडीखाली एक मोठा फाटा होता. डावीकडे नवा रस्ता मुक्कामाकडे जाई आणि सरळ जाणारा जुना रस्ता ओढ्यावरचा पूल वाहून गेल्यापासून बंद होता. जुन्या रस्त्यावर लाकडाचा एक ओंडका आडवा टाकलेला असे. तो त्या आठवड्यात कोणीतरी सरपणाला नेला होता, हे पुढे कळलं. ताईने त्या फाट्यावर पोस्टमनला उभं केलं. पोस्टमन गावातलाच, रजा टाकून तिच्याबरोबर येणारा, शब्दाचा पक्का माणूस.

माथ्यावर मागच्याला दोन गाड्या उभ्या दिसल्या. एक दाजींची, चेन उतरली होती. दुसरी गुरुजींची, त्यांचे हात क्लच दाबायला तयार नव्हते. अंगावर पातळ स्वेटर, ओठ निळे, दात एकमेकांवर वाजतायत.

"गुरुजी पाढे म्हणतायत," दाजी म्हणाले. "एकोणतीसवर आलेत. काहीतरी कर रे."

मागच्याने आपलं जाकीट काढलं. आतून कापूस भरलेलं, गळ्यापर्यंत बंद होणारं. त्याने ते गुरुजींच्या अंगात घातलं, लहान पोराला घालतात तसं, एकेक बाही करून. त्यांचे हात इंजिनावर धरून शेकले. "जा तुम्ही हळूहळू. इथे थांबलात तर गारठून जाल. खाली फाट्यावर आमचा माणूस आहे, तो नेईल."

गुरुजी गेले. ढगाने त्यांना गिळलं. जाकिटाचा नारिंगी रंग शेवटपर्यंत दिसत राहिला.

त्याने तो रंग जाताना पाहिला आणि तरी त्याच्या डोक्यात काही आलं नाही. इतकी वर्षं ते जाकीट त्याच्या अंगावर होतं; दुनियेला दिसत होतं, एकट्या त्यालाच दिसत नव्हतं. दुनियेला ती खूण होती. त्याच्यासाठी ते ऊबदार कापड होतं, आणि एका कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याला त्याने ते दिलं.

चेन चढवायला पंधरा मिनिटं गेली. दाजी किक मारून निघाले. "चल, मेव्हणेबुवा. तुझी बहीण हेल्मेट घालून बसली असेल." त्याने हत्यारं फडक्यात गुंडाळली, पिशवी बांधली, आणि रीतीप्रमाणे पुढच्याला थोडं अंतर देऊन निघाला. फाट्यावर आला तेव्हा तिथे कोणी नव्हतं; तो पोचेपर्यंत फाटा नेहमी रिकामाच झालेला असे. त्याला वाटलं, पोस्टमन दाजींना घेऊन गेला. त्याला रस्ता पाठ होता. तो डावीकडे वळला.

मुक्कामी व्हरांड्यात गुरुजी भेटले. "घ्या. जीव वाचवलात माझा." त्याने जाकीट घेतलं आणि सवयीने अंगात घातलं. पोस्टमन पोचल्या पोचल्या आत चुलीपाशी हात शेकायला गेला होता. आपल्यामागून कोण आलं हे त्याने बघितलं नव्हतं. मग मागचा ताईपुढे गेला आणि म्हणाला, "माझ्यामागे कोणी नाही."

ताईने हेल्मेटाचा पट्टा सोडला, आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत विचारलं, "हे कुठायत?"

दाजी दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावरच्या मजुरांना सापडले, पुलाच्या तुटक्या टोकाखाली, ओढ्यात. जुन्या रस्त्यावर त्यांच्या चाकाची रेघ सरळ गेली होती. कुठे वाकडी नाही, कुठे ब्रेकचा माग नाही. रस्ता बरोबर आहे असं समजून निश्चिंत गेलेल्या माणसाची रेघ.

पोस्टमन म्हणाला, "मी नारिंगी दिसल्यावरच हललो." कोणी अविश्वास दाखवला नाही. मग सगळ्यांनी हिशेब लावला तो असा: नारिंगी शेवटी, दाजी त्याच्या पुढे, म्हणजे दाजी पोस्टमनच्या समोरून गेले. माणूस हात दाखवत उभा असताना, नाहीतर बोलता बोलता, कुठेतरी बघत सरळ गेले. त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं ते. आणि पोस्टमनला, डोळ्यांसमोरून जाणारा माणूस ढगात दिसला नाही.

मागचा तिथे होता. त्याला सगळं कळलेलं होतं, ओढ्याच्या काठावर उतरायच्या आधीच. तोंड उघडणार तोच ताईने त्याचा हात धरला. रडत नव्हती. फक्त म्हणाली, "आता तुझ्याशिवाय मला कोण आहे?"

त्या एका वाक्याने त्याचं तोंड शिवलं. आज नको, उद्या सांगू असं त्याने ठरवलं. उद्या घरात माणसं होती. परवा ताईला ताप होता. मग महिना गेला. आणि न सांगण्याचं असं असतं, की पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगायची राहिलेली असते. महिन्याने दोन होतात, मूळची एक आणि महिनाभर गप्प बसल्याची दुसरी. दुसरी पहिलीपेक्षा मोठी होत जाते.

पोस्टमन एकदा दाराशी आला होता. ताई त्याला एवढंच म्हणाली, "तुमच्या डोळ्यांसमोरून गेले ते." तो पायरीवरूनच परत गेला. पुढे त्याने मोटारसायकल विकल्याचं कानावर आलं.

ताई दाजींवर रागावली. हे मागच्याला सगळ्यांत जास्त सोसवेना. ती रडली असती तर त्याने सहन केलं असतं. पण ती भांडी घासताना, चाकाच्या तारा आवळताना, त्या नसलेल्या माणसाशी भांडे. "एक काम होतं. बघत जायचं. तेवढंही नाही झालं." त्यांचा फोटो तिने कपाटात ठेवला, तोंड भिंतीकडे करून. त्यांची खुर्ची गॅरेजमागे उन्हात टाकली. बत्तीस वर्षांच्या संसारातली सगळी हसू तिने त्या एका बेसावधपणाला लावून बघितली, आणि तिला ती सगळी बेफिकिरी वाटू लागली.

वर्ष झालं. नवा हंगाम आला. पहिल्या फेरीच्या सकाळी गॅरेजपुढे चौदा पाहुणे आपापल्या गाड्यांजवळ उभे होते. ताई मधोमध उभी राहून नियम सांगत होती. मागचा भिंतीला टेकून, जाकीट घालून, नेहमीसारखा सगळ्यांच्या मागे.

फाट्याचा नियम सांगून झाला. जाकिटाचा झाला. मग ताई थांबली आणि तिने नवंच काही सांगायला घेतलं.

"तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात. गेल्या वर्षी माझे यजमान याच फेरीत गेले. सव्वीस वर्षं हे नियम ऐकत होते. फाट्यावर माणूस उभा होता, तरी सरळ गेले. कारण लक्ष नव्हतं. माझ्या घरातला माणूस लक्ष देत नाही, तर तुमचं मी काय धरून चालू? म्हणून सांगते, डोळे उघडे ठेवा."

पाहुण्यांनी माना खाली घातल्या. एका बाईने दाजींना न पाहता, न ओळखता 'अरेरे' म्हटलं.

मागच्याला वाटलं, दाजी पुन्हा एकदा गेले. या वेळी चौदा अनोळखी माणसांसमोर, बेअब्रू होऊन. आणि हे आता दर फेरीला होणार. दर पंधरा दिवसांनी.

"ताई," तो म्हणाला. "जरा आत ये."

"निघायचंय आता."

"आत ये म्हणतो ना."

ती आत आली, हेल्मेट काखेत. पान्यांच्या भिंतीपाशी तो उभा राहिला. बसला असता तर बोलता आलं नसतं.

"ते चुकले नव्हते," तो म्हणाला. "फाट्यावर कोणी उभं नव्हतं."

"पोस्टमन होता."

"तो निघून गेला होता. त्याला नारिंगी दिसलं म्हणून. जाकीट मी गुरुजींना दिलं होतं. खिंडीत. ते कुडकुडत होते. मी मागे राहिलो, दाजींची चेन उतरली होती. गुरुजी जाकीट घालून पुढे गेले, आणि पोस्टमनच्या लाल दिव्यामागून मुक्कामाला पोचले. मुक्कामाला मी ते परत घेतलं आणि घातलं. मग तुझ्यासमोर आलो."

बाहेर कोणीतरी गाडी सुरू करून बघितली आणि बंद केली.

"फार कुडकुडत होते?" तिने विचारलं.

"हो. गाडी धरवत नव्हती."

"मग दिलंस ते बरोबर दिलंस." ती हे अगदी सावकाश म्हणाली, जणू दुसऱ्याच कोणाचा न्याय करत होती. "मीही दिलं असतं. आणि मीही विसरले असते."

त्याच्या छातीतून श्वास बाहेर पडू लागला.

"कधी कळलं तुला?"

"तिथेच. ओढ्याशी."

"म्हणजे त्या दिवशी."

"त्या दिवशी."

ताईने हेल्मेट खाली, जमिनीवर ठेवलं. ती कधी हेल्मेट जमिनीवर ठेवत नसे. "वर्षभर मी त्यांच्याशी भांडले रे," ती म्हणाली. "झोपेतून उठून भांडले. तू शेजारच्या खोलीत होतास. ऐकत होतास ना? खुर्ची मी उन्हात टाकली, ती उचलायला तूच लागलास हाताशी. एका बाजूने मी धरली होती, एका बाजूने तू."

"ताई, मला वाटलं..."

"काय वाटलं ते नको सांगू."

"तू म्हणालीस, तुझ्याशिवाय कोण आहे."

"म्हणाले होते." ती क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "ते सरळ गेले, कारण मी त्यांना सरळ जायला शिकवलं होतं. मी सांगितलं तेच केलं त्यांनी. आणि मी त्यांना बेफिकीर म्हटलं. आत्ता, बाहेर, लोकांसमोर."

ती बाहेर गेली. पाहुण्यांसमोर उभी राहिली आणि मघाच्याच आवाजात म्हणाली, "मी तुम्हाला आत्ता चुकीचं सांगितलं. माझे यजमान नियमाप्रमाणेच गेले होते. चूक आमची होती. फेरी दोन तास उशिरा निघेल. चहा घ्या सगळ्यांनी."

मग ती दोघं पोस्टमनच्या घरी गेली. तो सुट्टीचा दिवस होता. पोस्टमन अंगणात सायकल उलटी करून पॅडलला तेल घालत होता. मागच्याला बघून उठला, ताईला बघून पुन्हा बसावं की उभं राहावं हे त्याला कळेना.

"सांग," ताई भावाला म्हणाली. एवढंच.

त्याने सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. नाही गेलं.

पोस्टमन बराच वेळ सायकलचं चाक हाताने हळूहळू फिरवत राहिला. "मी डोळे तपासून घेतले," तो शेवटी ताईला म्हणाला. "दोनदा. डॉक्टर म्हणाला, तुम्हाला लांबचं उत्तम दिसतं. मला वाटलं, या डॉक्टरलाच काही कळत नाही. म्हणून तालुक्याला दुसऱ्याकडे गेलो. तोही तेच म्हणाला. मग मी म्हटलं, डोळ्यांत दोष नाही तर मग माझ्यातच असेल. पत्रं वाटताना प्रत्येक पत्ता दोनदा वाचतो ताई, अजून."

"मी तुम्हाला पायरीवरून परत पाठवलं," ताई म्हणाली. "माझं चुकलं."

"तुमचं कसं चुकलं? तुम्हाला काय माहीत."

"तरी."

मागच्याकडे पोस्टमनने पाहिलं नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पण तो शिव्या देणारा माणूसच नव्हता.

"आज मला मागे कोणी नाही," ताई म्हणाली. "याल का?"

"गाडी विकली मी."

"ही न्या." तिने भावाच्या गाडीकडे बोट केलं. भावाकडे बघितलं नाही.

मागच्याने खिशातून किल्ली काढली. मग जाकीट काढलं. धुतलेलं, इस्त्रीसारखं हाताने सपाट केलेलं. दोन्ही पोस्टमनच्या हातात दिली. "क्लच जरा वर धरतो," तो म्हणाला. "आणि दुसऱ्या गिअरला अडखळते. जोर नका लावू."

"बरं," पोस्टमन म्हणाला. त्या दिवशी त्या दोघांत झालं ते एवढंच बोलणं.

दोन्ही गाड्या गेल्या. तो गॅरेजकडे पायी निघाला. अर्ध्या वाटेवर, ओसाड चुन्याच्या भट्टीपाशी, समोरून आवाज आला. तो रस्ता सोडून खाली गवतात उतरला.

रांग येत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ती समोरून पाहिली. त्याला माहीत होत्या त्या पाठी, सामानाच्या पिशव्या, मागचे लाल दिवे. तोंडं समोरून येताना त्याने कधी बघितलीच नव्हती. सगळ्यांत पुढे ताई, पाठ ताठ, नजर रस्त्यावर. ती त्याच्या जवळून अशी गेली जशी मैलाच्या दगडाजवळून जाते. मग एकेक पाहुणा. कोणी हात वर केला, कोणी नाही. सगळ्यांत शेवटी नारिंगी.

तो मोजत होता, सवयीने. चौदा, पंधरा, सोळा. सगळे होते.

पुढे रस्ता वळत होता. त्या वळणावर ताईने मान वळवून मागे पाहिलं. त्याच्याकडे नव्हे, रांगेच्या टोकाकडे, नारिंगी जागेवर आहे का ते बघायला. सव्वीस वर्षांत तिने हे एकदाही केलं नव्हतं. तिला करावं लागलं नव्हतं. आता ती दर वळणाला करील, दर फाट्याला, दर खिंडीत; पोस्टमन कितीही पक्का असला तरी. हे तिला आपण लावलं, हे त्याला तिथे गवतात उभ्या उभ्या कळलं.

धूळ खाली बसली. तो रस्त्यावर चढला आणि चालू लागला. गॅरेजात एकाची गाडी ब्रेकच्या कामासाठी येऊन पडली होती, ती संध्याकाळपर्यंत द्यायची होती. पण आधी तो गॅरेजच्या मागे गेला. खुर्ची तिथेच होती, वर्षभराच्या उन्हाने वेत तडकलेला, एक पाय खिळखिळा. त्याने ती उचलली. एकट्याने उचलायला ती जड होती. आत आणून त्याने ती पुसली, पायाला खिळा मारला, आणि ताईच्या दाराशी ठेवून दिली. आत न्यायचं धाडस त्याला झालं नाही.

तीन दिवसांनी फेरी परतली. खुर्ची आत गेली. कपाटातला फोटो भिंतीवर आला. ताई त्याच्याशी बोलते. "मागचं चाक बघ," म्हणते, "ऑइल संपत आलंय," म्हणते. ताट वाढते. तो विचारतो त्याचं उत्तर देते. त्याने मात्र अजून एकदाही विचारलेलं नाही की पुढच्या फेरीला मागे कोण जाणार आहे, आणि तिनेही ते आपण होऊन सांगितलेलं नाही.